किट कारचे इंजिन वरच्या आरपीएमला दमते? आधी एक्झॉस्टचा पाईप मोजा

सुट्या भागांचा संच विकत घेऊन स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधण्याचा छंद ब्रिटनमध्ये जितका रुजला तितका क्वचितच दुसरीकडे रुजला असेल. लोटस कंपनीची १९५७ मधली सेव्हन ही दोन आसनी हलकी गाडी संच म्हणूनही मिळत असे, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांवर लागत नव्हता. १९७३ मध्ये तो कर रद्द होऊन व्हॅट आला, सेव्हनचे हक्क त्याच वर्षी केटरहॅमकडे गेले, आणि तरीही हा छंद टिकला. तुम्ही इंग्लंडात राहून अशी गाडी बांधत असाल, किंवा कोणी अर्धवट बांधून सोडलेली गाडी विकत घेतली असेल, तर तुमचीही पहिली तक्रार बहुधा अशीच असेल : गाडी खाली छान उचलते, मधल्या टप्प्यात खुशीत पळते, पण पाच हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) पुढे आवाज तेवढा वाढतो, वेग वाढत नाही. या तक्रारीची कारणे अनेक असू शकतात. त्यांतले एक्झॉस्टचे कारण कसे ओळखावे, कसे मोजावे आणि कसे दूर करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दोष किट कारमध्येच का आढळतो

मोठ्या कंपनीच्या गाडीत एक्झॉस्ट त्या इंजिनासाठी आणि त्या सांगाड्यासाठी एकत्रच आखलेला असतो. किट कारमध्ये इंजिन एका गाडीचे, सांगाडा दुसऱ्याचा आणि सायलेन्सर तिसऱ्याच दुकानातला, असा प्रकार असतो. फोर्डच्या किंवा माझदाच्या दात्या, म्हणजे सुटे भाग देणाऱ्या, गाडीतून काढलेले इंजिन सेव्हनसारख्या अरुंद बॉनेटखाली बसवताना मूळ मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघून एकत्र येणाऱ्या नळ्यांचा जोड, सांगाड्याच्या नळ्यांना अडतो, त्याच बाजूने स्टिअरिंगचा दांडा जात असेल तर जागा आणखी कमी होते, आणि मग जो मॅनिफोल्ड कसाबसा बसतो तोच योग्य मानला जातो. सायलेन्सर चालकाच्या दाराजवळून, गाडीच्या अंगाला चिकटून जात असल्यामुळे त्याची लांबी आणि जाडी गाडीची बॉडी पाहून ठरते, इंजिन पाहून नव्हे. त्यातच बहुतेक जण आधी साधे इंजिन बसवतात आणि दोन वर्षांनी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), थ्रॉटल बॉडी (हवा आत सोडणारे तोंड), नवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) असे एकेक घालत जातात. इंजिन वाढत राहते, पाईप मात्र पहिल्या दिवशीचाच राहतो.

पाईप ताकद कशी खातो

जळालेला वायू सिलिंडरबाहेर जाण्यासाठी पाईपमध्ये जो विरोध होतो तो वायूच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिनाची ताकद वीस टक्क्यांनी वाढवली तर वायूही साधारण वीस टक्के जास्त जातो, पण मागचा दाब सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. खालच्या आरपीएमला जो पाईप निर्दोष वाटतो तोच वर गेल्यावर गळा आवळतो, तो यामुळे. या दाबाचा तोटा दुहेरी असतो. एक तर वर येणाऱ्या पिस्टनला वायू ढकलून काढण्यासाठी इंजिनाचीच ताकद खर्चावी लागते. दुसरा तोटा अधिक मोठा असतो : एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच इनटेकचा उघडलेला असतो, त्या थोड्या वेळात बाहेर न गेलेला जळका वायू सिलिंडरमध्येच राहतो आणि ताज्या मिश्रणाची जागा अडवतो.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर (म्हणजे हाच मागचा दाब) लागतोच’ हे वाक्य पुण्याच्या गॅरेजमध्येही ऐकू येते आणि बर्मिंगहॅमच्याही. इंजिनाला दाब लागत नाही. त्याला पाईपमधल्या वायूचा वेग टिकलेला लागतो. प्रत्येक सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट नळीच्या टोकाशी, जिथे चार नळ्या एकत्र येतात तिथे, पोहोचली की उलटी फिरून ओढीच्या रूपाने परत येते आणि नेमक्या क्षणी आली तर उरलेला वायू खेचून घेते. पाईप गरजेपेक्षा जाड केला तर हा वेग मंदावतो आणि खालची उचल जाते. लोकांनी ही गेलेली उचल पाहिली आणि तिचे श्रेय दाबाला दिले. म्हणून ‘सर्वांत जाड पाईप आणा’ हा उपायही तितकाच चुकीचा आहे.

पायरी १ : एक्झॉस्टवर आरोप करण्याआधी

वरच्या आरपीएमला दम तुटण्याची आणखी काही कारणे अगदी हुबेहूब अशीच दिसतात, आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून एका व्यक्तीला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगावे आणि स्वतः थ्रॉटलची पाकळी खरोखर पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी पाहावे. हाताने बनवलेल्या पेडलमध्ये आणि लांबवलेल्या केबलमध्ये पाकळी तीनचतुर्थांशावरच अडकणे हा इतका सर्रास आढळणारा दोष आहे की मी स्वतः त्यात सापडलो होतो. दोन आठवडे सायलेन्सरला शिव्या घातल्यावर दोष माझ्याच पेडलखालच्या बोल्टमध्ये निघाला. त्यानंतर एअर फिल्टर काढून एक फेरी मारावी. पूर्ण भारावर इंधनाचा दाब टिकतो का आणि मिश्रण पातळ होते का (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते का), हे रोलिंग रोडवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा वाइडबँड लॅम्ब्डा मीटरवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणाऱ्या मापकावर) पाहावे. कॅमचा टायमिंग बेल्ट एक दात चुकून बसला असेल तरी अशीच लक्षणे दिसतात. हे सगळे ठीक असेल तरच पुढे जावे.

पायरी २ : सर्वांत अरुंद जागा शोधा

पाईपची जाडी दुकानात बाहेरून मोजून सांगतात, वायू मात्र आतून जातो. दीड मिलिमीटर पत्र्याचा ५१ मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंची, पाईप आतून ४८ मिलिमीटरचाच असतो. मॅनिफोल्डपासून टोकापर्यंत प्रत्येक जोडाशी व्हर्नियर कॅलिपर लावून आतला व्यास वहीत लिहून काढावा. साखळीचे बळ जसे तिच्या कमजोर कडीएवढे, तसा हा हिशेब आहे. मात्र लहान जागी होणारा तोटा वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. ४८ ऐवजी ४५ मिलिमीटर असलेल्या एका तोंडाशी क्षेत्रफळ बारा टक्क्यांनीच घटते, पण तेवढाच वायू तिथून नेण्यासाठी लागणारा दाब जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतो.

मोजताना काही जागा विशेष संशयाने पाहाव्यात. पहिली जागा सिलिंडर हेडवरची. गॅस्केटला पातळ ग्रीस लावून मॅनिफोल्ड बसवावा, काढावा, आणि उमटलेल्या ठशावरून हेडचे भोक, गॅस्केटचे भोक आणि नळीचे भोक एकमेकांवर बसतात का ते पाहावे. नळी भोकापेक्षा किंचित मोठी असेल तर हरकत नाही, पण लहान असेल तर वायू बाहेर पडतानाच पायरीवर आपटतो. दुसरी जागा चार नळ्या एकत्र येणाऱ्या जोडाची. स्वस्त मॅनिफोल्डमध्ये तो जोड हातोडीने चेपून बसवलेला असतो आणि आत वेल्डिंगचे ओघळ लोंबत असतात. आत हात जात नाही, म्हणून मोबाईलला जोडता येणारा स्वस्त एंडोस्कोप घ्यावा. या कामासाठी मी सर्वांत जास्त वापरलेले साधन तेच आहे. तिसरी जागा वळणांची. साध्या बेंडरवर वाकवलेला पाईप वळणाच्या आतल्या बाजूला चपटा होतो, तर आतून आधार देऊन, म्हणजे मँड्रेलवर वाकवलेल्या पाईपचा गोलवा टिकतो. चौथी जागा फ्लेक्सी, म्हणजे लवचीक, जोडाची : बाहेरची जाळी शाबूत दिसते, पण आतले अस्तर नसलेल्या स्वस्त फ्लेक्सीत पन्हळी पत्रा उष्णतेने आत कोसळतो आणि बाहेरून त्याचा काहीच पत्ता लागत नाही.

सर्वांत शेवटी सायलेन्सर. त्याच्या एका तोंडातून टॉर्च टाकून दुसऱ्या तोंडातून पाहावे. सरळ भोकांच्या जाळीदार नळीतून आरपार उजेड दिसला तर तो सायलेन्सर जवळजवळ पाईपएवढाच मोकळा असतो. नळीवर आतल्या बाजूला वळवलेल्या खवल्यांसारख्या पट्ट्या असतील तर प्रत्येक खवला वायूला अडवतो, आणि पत्र्याच्या भिंती घालून वायूला नागमोडी फिरवणारा सायलेन्सर असेल तर उजेड दिसणारच नाही. बाहेरून सहा इंची जाड, चकचकीत दिसणाऱ्या सायलेन्सरच्या पोटात ४० मिलिमीटरची नळी निघालेली मी पाहिली आहे. आवाजाची परीक्षा पास व्हावी म्हणून बनवणाऱ्याने तो सोपा मार्ग काढला होता.

पायरी ३ : गरजेचा व्यास काढा

मोकळ्या, सरळ पाईपसाठी इंजिन सुधारणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा आहे की आतल्या क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे साधारण ८ हॉर्सपॉवर धरावेत. त्या हिशेबाने दीड मिलिमीटर पत्र्याचा ४५ मिलिमीटरचा पाईप सुमारे १११ हॉर्सपॉवरपर्यंत, ५१ चा सुमारे १४५ पर्यंत, ५७ चा १८३ च्या आसपास आणि ६३ चा सुमारे २२६ पर्यंत पुरतो. हे आकडे कोरलेल्या रेषा नाहीत. त्यांच्या थोडे पुढे गेल्यावर इंजिन बंद पडत नाही, फक्त तोटा जाणवू लागतो.

उदाहरण घेऊ. फोर्डचे दोन लिटरचे झेटेक इंजिन मूळ स्थितीत १३० च्या आसपास हॉर्सपॉवर देते, त्यामुळे त्याला ५१ मिलिमीटरचा पाईप पुरतो. त्याच इंजिनावर चार थ्रॉटल बॉडी आणि नवा ईसीयू बसवून १६५ ची अपेक्षा ठेवली, तर ५१ चा पाईप अपुरा पडतो आणि ५७ चा हवा. माझदा एमएक्स-५ चे १.६ लिटरचे मूळ इंजिन सुमारे ११५ हॉर्सपॉवरचे. त्याला ६३ चा पाईप लावणारे लोक आवाज विकत घेतात, ताकद नाही.

मॅनिफोल्डच्या चार नळ्यांचा हिशेब वेगळा असतो, कारण तिथे लाटांची वेळ महत्त्वाची असते. नळीची इंचातली लांबी काढण्याचे प्रचलित सूत्र असे : एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याच्या जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवावेत, त्याला ८५० ने गुणावे, ज्या आरपीएमला जास्तीत जास्त ताकद हवी त्याने भागावे आणि ३ वजा करावेत. व्हॉल्व्ह ७० अंश आधी उघडत असेल आणि ६,५०० आरपीएमचे लक्ष्य असेल, तर उत्तर सुमारे ३० इंच, म्हणजे ७५५ मिलिमीटर येते. आतल्या व्यासासाठी एका सिलिंडरची क्षमता घनसेंटीमीटरमध्ये घ्यावी, तिला नळीची लांबी अधिक ३ यांच्या पंचवीसपटीने भागावे, वर्गमूळ काढावे आणि २.१ ने गुणावे. दोन लिटरच्या इंजिनाचा एक सिलिंडर ५०० घनसेंटीमीटरचा, म्हणून उत्तर १.६४ इंच, म्हणजे साधारण ४२ मिलिमीटर. लक्ष्य खालच्या आरपीएमचे असेल तर नळ्या लांब आणि बारीक होतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी चार नळ्यांच्या आधी दोन आणि मग एक करणारी रचना मधली उचल जास्त देते. चारच्या थेट एक करणारी रचना वरच्या टोकाला बरी असते आणि बनवायला सोपी. नवशिक्याने रस्त्यासाठी पहिलीच निवडावी, असे माझे मत आहे, पण बॉनेटखालची जागा अनेकदा हा निर्णय तुमच्यासाठी घेऊन टाकते.

पायरी ४ : दाब मोजा

हिशेबाने संशय येतो, खात्री मोजण्यानेच होते, आणि हे मोजमाप आश्चर्य वाटावे इतके स्वस्त आहे. बहुतेक एक्झॉस्टवर लॅम्ब्डा सेन्सरसाठी आट्यांचे बूच वेल्ड केलेले असते. त्यात एक जोडतोंड बसवून त्याला निदान मीटरभर तांब्याची बारीक नळी लावावी, म्हणजे वायू थंड होतो, आणि तिच्या टोकाला रबरी नळीने शून्य ते एक बारचा दाबमापक जोडावा. सेन्सर काढलेला असताना ईसीयू मिश्रण स्वतःहून बदलणार नाही याची आधी खात्री करावी. शक्यतो दुसरे बूच वेल्ड करून घेतलेले बरे. मग रोलिंग रोडवर थ्रॉटल पूर्ण उघडून तीन हजारांपासून वर दर पाचशे आरपीएमला आकडा लिहावा. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग करू नये. चालकाचे लक्ष दाबमापकावर असते आणि वेग कायद्याच्या कधीच पुढे गेलेला असतो.

जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमला दाब ०.१ बारच्या आत असेल तर एक्झॉस्ट निर्दोष समजावा आणि दोष दुसरीकडे शोधावा. ०.२ बारपर्यंत रस्त्याच्या गाडीत चालवून घेता येते. ०.३ बारच्या वर असेल तर इंजिनावर आणखी एक पैसाही खर्च करण्याआधी पाईप बदलावा. दोन ठिकाणी बुचे असतील, एक चार नळ्यांच्या जोडाच्या पुढे आणि एक सायलेन्सरच्या आधी, तर आणखी उपयोग होतो. दोन्हीकडे दाब जवळपास सारखा असेल तर अडथळा सायलेन्सरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. पहिल्या ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी असेल तर तो दोहोंच्या मध्ये, म्हणजे बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीच्या डब्यात) किंवा फ्लेक्सीत आहे.

दाबमापक नसेल तर रोलिंग रोडवर सायलेन्सर काढून एक फेरी घ्यावी, कानात बोळे घालून आणि शेजारच्यांना आधी सांगून. आलेख वरच्या टोकाला स्पष्टपणे उचलला गेला तर दोषी सापडला. मात्र वायू मोकळा झाला की हवाही जास्त आत येते आणि मिश्रण पातळ होऊ शकते, म्हणून या फेरीत मिश्रणाच्या आकड्यावरून नजर हलवू नये.

पायरी ५ : ताकद आणि आवाज यांचा मेळ

ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेली गाडी नोंदवण्याआधी तिला आयव्हीए ही चाचणी द्यावी लागते. त्यात पाईपच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात माइक ठेवून, जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमच्या तीनचतुर्थांशावर आवाज मोजतात, आणि तो ९९ डेसिबलच्या आत असावा लागतो. रेस ट्रॅकवर खासगी गाड्या पळवण्याच्या दिवशीही स्वतंत्र मर्यादा असते आणि ती अनेकदा यापेक्षा कडक असते. अरुंद सायलेन्सर बसवण्याचा मोह होतो तो इथेच. पण आवाज कमी करण्याचा मार्ग नळी अरुंद करण्यात नाही, तिच्याभोवतीची जागा वाढवण्यात आहे. सरळ जाळीदार नळीभोवती जितकी जास्त लोकर (आवाज शोषणारे काचतंतूंसारखे भरण), जितकी जास्त लांबी आणि जितका जाड बाहेरचा डबा, तितका आवाज शोषला जातो आणि वायूचा मार्ग तसाच राहतो. बाहेरचा डबा पाच इंचांऐवजी सात इंची करणे, किंवा मागच्या बाजूला दुसरा छोटा सायलेन्सर जोडणे, हे दोन्ही उपाय टोकात रोध घालण्यापेक्षा चांगले. टोकात घालायचा रोध मिळतो, ट्रॅकवर अडचणीच्या दिवशी तो कामी येतो, पण त्याच्यासह इंजिन पळवताना ताकद गेलेली असणार हे गृहीत धरावे.

लोकर कायमची नसते. ती तेलाने आणि उष्णतेने जळून पाईपच्या वाटेने उडून जाते, त्यामुळे गाडी हळूहळू मोठ्याने ओरडू लागते. म्हणून रिव्हेट काढून पुन्हा भरता येणारा सायलेन्सरच घ्यावा. आपल्याकडे बुलेटला फटाका सायलेन्सर लावून ताकद वाढली असे मानणाऱ्यांची कमी नाही आणि पोलीस ते सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात तेव्हाही त्यांचा समज बदलत नाही. आवाज आणि ताकद यांचा तसा काही करार नसतो. भारतात राहणाऱ्या वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, त्यामुळे हा मजकूर त्यांनी माहितीपुरताच वाचावा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो की नाही हे ब्रिटनमध्ये इंजिनाच्या वयावर ठरते; त्यामुळे इंजिन केव्हाचे आहे याचा कागद सांभाळून ठेवावा. लागत असेल तर तो काढू नये. त्याऐवजी कमी घट्ट जाळीचा, मोठ्या व्यासाचा कन्व्हर्टर मॅनिफोल्डपासून फार दूर नाही अशा ठिकाणी बसवावा, म्हणजे तो लवकर तापतो आणि दाबही फारसा वाढवत नाही.

पायरी ६ : नवा पाईप बसवताना

३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील दीड मिलिमीटर जाडीत घ्यावे आणि वळणे मँड्रेलवर वाकवलेली विकत आणून जोडावीत. स्टेनलेस वेल्ड करताना पाईपच्या आतही आर्गॉन भरावा, नाहीतर आतल्या बाजूला खरखरीत, काळी साखरेसारखी पुटी येते, आणि इतके मोजून निवडलेला व्यास आपल्याच हाताने कमी होतो. लॅम्ब्डा सेन्सरच्या आधीचा प्रत्येक जोड घट्ट असावा, कारण तिथल्या बारीक फटीतून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल ओतू लागतो. इंजिन रबरावर हलते आणि सायलेन्सर सांगाड्याला बांधलेला असतो, म्हणून मध्ये अस्तरवाला फ्लेक्सी किंवा स्प्रिंगचा सरकता जोड हवाच. तो नसेल तर मॅनिफोल्डला तडे जातात. बाजूने जाणाऱ्या सायलेन्सरवर उष्णतारोधक जाळी लावावी. गाडीतून उतरताना पोटरी भाजून घेतलेला प्रत्येक जण याची साक्ष देईल.

शेवटी गाडी पुन्हा रोलिंग रोडवर न्यावी आणि ईसीयूचे इंधन व इग्निशनचे तक्ते नव्याने जुळवून घ्यावेत. ज्या आरपीएमला जुना पाईप श्वास कोंडत होता तिथे जुने तक्ते त्या कोंडलेल्या इंजिनासाठी लिहिलेले असतात, आणि जास्त हवा घेणारे इंजिन त्यांच्यावर पातळ मिश्रणाने पळवले तर पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. पायरी ४ मधला दाब त्याच बुचातून, त्याच आरपीएमला पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशेजारी वहीत लिहावा; पुढे कॅम बदलण्याची इच्छा झाली की दुकानात जाण्याआधी तेच पान उघडावे लागते.